दप्तर, मोबाइल आणि उत्तरपत्रिका

शाळेत मोबाइल आणू नये, मौल्यवान वस्तू आणू नयेत आणि परीक्षेत गैरमार्गाचा अवलंब करू नये, ही तीन वाक्ये महाराष्ट्रातील बहुतेक माध्यमिक शाळांच्या नियमावलीत या ना त्या शब्दांत आढळतात. मात्र शाळेने काढून घेतलेला मोबाइल कोणाच्या जबाबदारीवर राहतो, दप्तर कोणी आणि कसे तपासावे, आणि वर्षभर गाईडमधली उत्तरे उतरवून घेणाऱ्या व्यवस्थेने मार्च महिन्यात प्रामाणिकपणाची अपेक्षा कोणत्या आधारावर करावी, या प्रश्नांची उत्तरे त्या वाक्यांत सापडत नाहीत. विद्यार्थ्याला बांधणारा नियम शाळेलाही तितकाच बांधतो, हे एकदा मान्य केले म्हणजे या तिन्ही विषयांचा विचार निराळ्या रीतीने करावा लागतो. आणि तो शहरातल्या शाळेपेक्षा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडसारख्या भागात अधिक निकडीचा ठरतो.

शहापूरहून किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेणवा हे गाव आहे आणि भोवती अनेक वाड्या-पाडे विखुरलेले आहेत. शहापूर तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार जाहीर झालेल्या अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आणि वारली समाजांची येथे मोठी वस्ती आहे. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यातली. भात झोडून झाल्यावर, दिवाळीनंतर, यांतील अनेक कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा घरातला मोबाइल बहुधा एकच असतो. मुकादमाशी बोलणे त्यावर होते, बँकेचा संदेश त्यावर येतो, आणि आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलाची खबर घ्यायची तर तीही त्याच क्रमांकावरून घ्यावी लागते. हा मोबाइल एखाद्या दिवशी मुलाच्या दप्तरातून शाळेत पोहोचला, तर शाळेच्या दृष्टीने तो नियमभंग ठरतो. पण तो आठवडाभर कपाटात कुलूपबंद ठेवला, तर शिक्षा एका मुलाला न होता सबंध घराला होते.

या उपकरणाला शाळेचे दार कसे उघडले, हेही विसरून चालणार नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे सुरू’ हा उपक्रम हाती घेऊन अभ्याससाहित्य मोबाइलवरून मुलांपर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न केला. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता, त्यांतल्या कित्येकांनी कर्ज काढून तो घेतला. नेटवर्क मिळावे म्हणून मुले टेकाडावर जाऊन बसू लागली. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले, तेव्हा ज्या वस्तूवाचून शिक्षण अशक्य असल्याचे दीड वर्ष सांगितले गेले, तीच वस्तू घरी ठेवून येण्याचा आदेश मिळाला. हा आदेश चुकीचा नव्हता. त्यामागचे कारण मुलांना आणि पालकांना कोणी समजावून सांगितले नाही, ही उणीव मात्र राहिली.

ते कारण भक्कम आहे. ग्रामीण भारताच्या शैक्षणिक स्थितीची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, आदल्या आठवड्यात तो शैक्षणिक कामासाठी वापरल्याचे ५७ टक्क्यांनी, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्क्यांनी सांगितले. वर्गात खिशातला फोन नुसता थरथरला तरी लक्ष विचलित होते आणि ते पुन्हा धड्याकडे वळायला वेळ लागतो, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून प्राथमिक आणि त्यापुढील कनिष्ठ माध्यमिक शाळांत मोबाइलच्या वापरावर बंदी घातली. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात मात्र अशी बंदी तोवर जगातील एक चतुर्थांशाहून कमी देशांत असल्याची नोंद होती, आणि शिक्षणात तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर येते हा प्रश्न त्या अहवालाच्या शीर्षकातच विचारलेला होता.

भारतातील न्यायालयीन विचारात दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२५ च्या आरंभीचा एक निर्णय मार्गदर्शक आहे. एका केंद्रीय विद्यालयातील विद्यार्थ्याच्या प्रकरणात न्यायालयाने सरसकट बंदी व्यवहार्य नसल्याचे सांगितले आणि काही तत्त्वे घालून दिली: मोबाइल आणायला मनाई नसावी, परंतु वर्गात त्याचा वापर होऊ नये, शक्य असेल तेथे शाळेत शिरताना तो जमा करून घ्यावा आणि घरी जाताना परत द्यावा, सुरक्षिततेसाठी किंवा पालकांशी संपर्कासाठी लागणाऱ्या वापराला मुभा असावी, आणि नियम पालक, शिक्षक व तज्ज्ञ यांच्याशी विचारविनिमय करून ठरवावेत. हा निर्णय महाराष्ट्रातील शाळांना बंधनकारक नाही. तरीही एसटीची शेवटची गाडी चुकली तर अंधारात पाड्याची वाट धरावी लागणाऱ्या मुलीच्या बाबतीत यातली संपर्काची मुभा किती मोलाची आहे, हे शहापूर-मुरबाडच्या पालकांना सांगावे लागणार नाही.

‘जमा करून घेणे’ आणि ‘जप्त करणे’ या दोन कृतींत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ मध्ये निक्षेपाची व्याख्या दिलेली आहे. एकाने आपली वस्तू विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी आणि तो हेतू पूर्ण झाल्यावर ती परत मिळावी, अशा व्यवहाराला निक्षेप, म्हणजे साध्या भाषेत ठेव, असे म्हणतात. कलम १५१ नुसार ठेव घेणाऱ्याने त्या वस्तूची तेवढी काळजी घ्यावयाची असते, जेवढी सर्वसाधारण समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. हे तत्त्व शाळेला लावले तर सकाळी जमा केलेला फोन हरवल्यास किंवा फुटल्यास ‘शाळा जबाबदार नाही’ ही फलकावरची ओळ शाळेला फारशी सोडवू शकणार नाही. म्हणून फोन घ्यायचाच असेल तर तो बंद करून घ्यावा, त्यावर नाव-इयत्तेची चिठ्ठी लावावी, वहीत वेळ नोंदवून विद्यार्थ्याची सही घ्यावी, कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे सर्वांना ठाऊक असावे आणि शाळा सुटताना पुन्हा सही घेऊन तो परत करावा. हीच जबाबदारी त्या अधिनियमाच्या कलम ७१ ने हरवलेली वस्तू सापडणाऱ्यावरही टाकली आहे. मैदानात मिळालेली छत्री, कंपासपेटी किंवा पैंजण शिक्षकांनी ठेवून घेतले की तेही ठेव घेणारे ठरतात, आणि म्हणून सापडलेल्या वस्तूंची नोंद ही कारकुनी हौस नसून कर्तव्य ठरते.

नियम वारंवार मोडणाऱ्या मुलाचा फोन पालकांनाच परत देण्याची पद्धत पुष्कळ शाळांत आहे आणि ती वाजवीही आहे. परंतु पालकाला शाळेत बोलावणे म्हणजे त्याचा एका दिवसाचा रोजगार बुडवणे होय. भट्टीवर गेलेल्या पालकाला तर ते अशक्यच. अशा वेळी आजी-आजोबांना, अंगणवाडी सेविकेला किंवा शाळा व्यवस्थापन समितीतील पाड्याच्या प्रतिनिधीला फोन सुपूर्द करण्याची सोय नियमातच लिहिलेली असली पाहिजे. फोन उघडून त्यातले संदेश आणि छायाचित्रे पाहण्याचा अधिकार मात्र शाळेला ठेवीतून मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, आणि वय लहान म्हणून तो नाहीसा होत नाही. एखाद्या मुलीचे आक्षेपार्ह छायाचित्र फिरत असल्याची खबर लागली, तर ते पाहण्यात, जतन करण्यात किंवा ‘पुरावा’ म्हणून शिक्षकांच्या गटावर टाकण्यात वेळ न दवडता पोलिसांना कळवावे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने अशी खबर देणे बंधनकारक केले आहे.

दप्तराच्या बाबतीत शासनाने आजवर मुख्यतः वजनाचा विचार केला. महाराष्ट्रात जुलै २०१५ मध्ये त्यासंबंधी शासन निर्णय निघाला. केंद्राच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावे असे सांगितले. पाठ्यपुस्तकातच कोरी पाने जोडून वह्यांचे ओझे कमी करण्याचा राज्याचा प्रयोग २०२३ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये मागे घेतला गेला. दप्तराची झडती हा विषय मात्र शिक्षकाच्या मर्जीवर सोडलेला राहिला, आणि मर्जी कोठवर जाऊ शकते हे शहापूरनेच पाहिले. जुलै २०२५ मध्ये शहापुरातील एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळल्यावरून, कोणाला मासिक पाळी आली आहे हे शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी केल्याची तक्रार पालकांनी केली. पालक संतप्त होऊन शाळेत जमले, पोलिसांनी पोक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदवला आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल. परंतु जमीन कोणी घाण केली यासारख्या क्षुल्लक चौकशीसाठी मुलींच्या शरीरापर्यंत पोहोचावेसे वाटणे, हे ज्या समजुतीतून येते ती समजूत पुष्कळ शाळांत शिस्तीच्या नावाखाली जपली जाते आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. विद्यार्थ्याच्या वस्तूवर शाळेचा मर्यादित अधिकार असू शकतो. त्याच्या शरीरावर शाळेचा कोणताही अधिकार नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. हा कायदा ६ ते १४ वयोगटापुरता असल्यामुळे नववी-दहावीची बरीच मुले त्याच्या कक्षेबाहेर पडतात, पण बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला क्रूर वागणुकीपासून संरक्षण देते. तेव्हा दप्तर तपासण्याचे ठोस कारण असेल तर ते विद्यार्थ्यासमोर, दुसऱ्या एका शिक्षकाच्या उपस्थितीत, त्याला स्वतःच उघडायला सांगून तपासावे. मुलीचे दप्तर शिक्षिकेने पाहावे. सबंध वर्गासमोर झडती घेऊ नये. या सूचना कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता शाळेला अमलात आणता येतात. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करायला सांगितले आहे. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सीसीटीव्ही बसवण्याचाही आदेश निघाला. कॅमेरा बसवणे सोपे आहे. समितीच्या बैठका नियमित घेऊन मुलींना तेथे निर्भयपणे बोलता येईल असे वातावरण ठेवणे अवघड आहे, आणि संरक्षण मिळते ते त्यातूनच.

वस्तूंचा प्रश्न आश्रमशाळांत आणखी तीव्र होतो, कारण तेथे मुलाचे घर म्हणजे एक पेटी असते. आदिवासी विकास विभागाने २०१७ पासून साबण, तेल, वह्या, कपडे यांसारख्या गोष्टींची रक्कम थेट बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आणली. त्यामुळे वस्तू मुलाच्या कुटुंबाने विकत घ्यायच्या आणि मुलाने त्या जपायच्या असा क्रम सुरू झाला. पेटीला कुलूप नसले किंवा कडी मोडकी असली की साबणाच्या वडीवरूनही चोरीचा आरोप होतो, आणि आरोप झाला की संशय आधी सर्वांत गरीब मुलाकडे वळतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या देशात समाजच्या समाज जन्मतः चोर ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला असला तरी ती नजर पुरती निवळलेली नाही. विशेष दुर्बल आदिवासी गटांत गणल्या जाणाऱ्या कातकरी समाजाचे मूल शाळेत टिकवणे किती कष्टाचे आहे हे शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांना माहीत आहे. पुराव्यावाचून घेतलेला एक संशय ते सारे कष्ट वाया घालवू शकतो. म्हणून चोरीच्या तक्रारीवरचा पहिला उपाय झडती हा नसून चांगली कडी आणि कुलूप हा आहे.

शैक्षणिक प्रामाणिकपणा, म्हणजे जे काम आपले म्हणून दाखवले जाते ते खरोखर आपले असणे, हा तिसरा विषय महाराष्ट्रात जवळजवळ पूर्णपणे ‘कॉपी’ या एका शब्दात सामावून गेला आहे. विद्यापीठ व मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी राज्याने १९८२ मध्येच स्वतंत्र कायदा केला आणि प्रश्नपत्रिका फोडणे किंवा परीक्षार्थीला बाहेरून साहाय्य करणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. त्याच्या जोडीला राज्य मंडळाची शिक्षासूची आहे, जिच्यात गैरमार्गाच्या प्रकारानुसार संपादणूक रद्द करण्यापासून पुढील काही परीक्षांना बसू न देण्यापर्यंतच्या शिक्षा नमूद असतात. प्रश्नपत्रिका सांभाळणाऱ्या परिरक्षकाच्या ताब्यातून सीलबंद निघणारी पाकिटे, केंद्र संचालक, पर्यवेक्षक, भरारी पथक, बैठे पथक असा मोठा लवाजमा दर फेब्रुवारी-मार्चमध्ये उभा राहतो. मोबाइलने या व्यवस्थेवरही परिणाम केला: वाचनासाठी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देण्याची सवलत, ती समाजमाध्यमांवर फिरू लागल्यामुळे, मंडळाने २०२३ मध्ये बंद केली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली. आधीच्या काही वर्षांत गैरप्रकार उघड झालेल्या केंद्रांवर अन्य शाळांतील केंद्र संचालक आणि पर्यवेक्षक नेमण्याचे २०२५ मध्ये ठरले. या निर्णयात एक अवघड सत्य मान्य केलेले आहे, ते असे की सामूहिक कॉपी मुलांच्या चिठ्ठ्यांवर चालत नाही, ती मोठ्यांच्या संमतीवर चालते. २०१० च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी राबवलेल्या कॉपीमुक्त परीक्षांच्या मोहिमेनंतर जिल्ह्याचा निकाल मोठ्या प्रमाणात घसरला होता. आधीची उत्तीर्णता किती पोकळ होती, हे त्या घसरणीने दाखवून दिले.

परंतु परीक्षागृहातला बंदोबस्त कितीही कडक केला तरी अप्रामाणिकपणाचा उगम तेथे नसतो. प्रश्नाचे उत्तर फळ्यावर लिहून द्यायचे, मुलांनी ते वहीत उतरवायचे, वही तपासून सही करायची आणि तेच उत्तर परीक्षेत शब्दशः मागायचे, ही पद्धत असंख्य वर्गांत रूढ आहे. प्रयोगवही मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीवरून पूर्ण होते. प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो. आणि हे ठाऊक असूनही अंतर्गत गुण दिले जातात. दुसऱ्याचे लेखन स्वतःचे म्हणून सादर करण्याला वाङ्मयचौर्य म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये त्याविरुद्ध नियम करून संशोधन प्रबंधांतील साम्याच्या टक्केवारीनुसार कारवाई ठरवली आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याला दहा वर्षे उतरवून घेण्याबद्दलच शाबासकी मिळाली, त्याला पीएचडीच्या टप्प्यावर हे एकाएकी पाप असल्याचे सांगणे हा अन्यायच आहे. २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संभाषण-साधने उपलब्ध झाली. ती विचारलेल्या विषयावर क्षणात निबंध लिहून देतात, आणि स्मार्टफोन असलेल्या कोणत्याही घरात ती पोहोचू शकतात. घरून लिहून आणलेल्या निबंधावर गुण देणे यापुढे निरर्थक होत जाणार. वर्गात, शिक्षकांच्या देखत, हाताने लिहिलेला दहा ओळींचा मजकूर आणि त्यावर तोंडी विचारलेले दोन प्रश्न यांतूनच मुलाचे खरे आकलन कळेल.

येथे शहापूर-मुरबाडच्या शाळांपुढे एक खास अडचण आहे. कातकरी, ठाकरी किंवा वारली बोली बोलत मोठे झालेले मूल पाठ्यपुस्तकातील मराठीत उत्तर लिहू लागते, तेव्हा त्याचे स्वतःचे वाक्य बहुधा मोडके दिसते आणि गाईडमधले पाठ केलेले वाक्य सुबक दिसते. मोडक्या पण स्वतःच्या वाक्याला दोन गुण आणि सुबक पण उसन्या वाक्याला चार गुण मिळत राहिले, तर मुलाने कोणता धडा घ्यावा? प्रामाणिकपणाचा नियम लिहिणाऱ्या शाळेने आधी आपली गुणदानाची पद्धत बदलावी, बोलीतला शब्द आला म्हणून गुण कापू नयेत, आणि अर्थ बरोबर असलेल्या स्वतःच्या उत्तराला पूर्ण श्रेय द्यावे. तसेच कोणती मदत चालते आणि कोणती चालत नाही, हे स्पष्ट सांगितलेले असावे. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या परीक्षेत लॉग टेबल चालते आणि गणकयंत्र चालत नाही, पण अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला तेच गणकयंत्र, लेखनिक आणि वाढीव वेळ यांची सवलत मंडळच देते. लेखनिक मिळालेल्या मुलाकडे फसवणूक करणारा म्हणून पाहणाऱ्या वर्गाला हा फरक समजावणे हेही शिक्षकाचेच काम.

शिक्षेबाबत एक मर्यादा शिक्षण हक्क कायद्यानेच घातली आहे: प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. त्यापुढच्या वर्गांत ही ढाल नसते, आणि नेमक्या त्याच वयात भट्टीवरचे काम किंवा लवकर उरकले जाणारे लग्न वाट पाहत असते. कॉपी करताना सापडलेल्या मुलाला मंडळाची शिक्षा टळणार नाही, टळूही नये. पण पुरवणी परीक्षा किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसण्याची वाट यांपैकी कोणता मार्ग त्याला केव्हा खुला होतो, हे शाळेने त्याच्या घरी जाऊन सांगितले नाही तर त्याचे शिक्षण तेथेच संपते.

हे सारे नियम कोणी करावेत, याचे उत्तर कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याने स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला; माध्यमिक शाळेत शिक्षक-पालक संघ असतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये ग्रामसभेने रोज सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचे ठरवले. तेथे मोठ्यांनीही आपापले फोन बाजूला ठेवले, आणि मुलांनी तो नियम पाळण्याचे ते एक मोठे कारण असावे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिलेले असल्यामुळे शेणवा परिसरातील गावांना असा विचार करणे अधिक सोपे आहे. वेळ मात्र साधावी लागेल. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पालक गावात असतात, पण पेरणी-आवणीच्या कामाला जुंपलेले असतात, दिवाळीनंतर ते गावातच नसतात; तेव्हा नियम वाचून दाखवण्याची, त्यावर पालकांचे म्हणणे ऐकण्याची आणि फोन जमा झाल्यास तो कोणाच्या हाती द्यावा हे लिहून घेण्याची सभा भात कापणीपूर्वीच्या एखाद्या संध्याकाळी, पाड्यावर जाऊन घ्यावी लागेल, आणि स्थलांतर करणाऱ्या मुलाचे शिक्षण जाईल तेथे चालू राहावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी पत्रक देताना भट्टीवरचा संपर्क क्रमांकही त्याच वहीत नोंदवून ठेवावा लागेल.